टबावरचा अंगठा

भोकरदनच्या बसस्टँडमागं माझं सायकलचं दुकान. नाव तातेराव अन् डोकं गरम, आख्ख्या बाजाराला म्हाईत आहे. पोरगा धर्मराज मातर आईवर गेल्ता. एकुलता एक अन् एकदम शांत.

त्याला नाद लागला प्लास्टिकच्या मोटारींचा. जालन्याचे राधेश्याम शेठ मुंबईहून जुन्या परदेशी खेळण्यांचे खोके आणायचे. खोक्यात मोटारीचे सुटे तुकडे; ते कापायचे, घासायचे, डिंकानं जोडायचे, रंगवायचे. अन् मोटारी तरी कशा! एक बुटाची, एक पिंपाची. एक तर चक्क न्हाणीतला पांढरा टब, त्याला चार चाकं अन् चालवायला हाडांचा सांगाडा! "आरं, गिऱ्हाइकाच्या सायकली पंक्चर होऊन पडल्यात अन् तू मढ्याला गाडी देऊन राह्यला?" मी वरडायचो. तो नुसता हसायचा. त्याचा दोस्त बद्रीनाथ संगं बसलेला असायचा. दोघं एकदा बसले की जेवायला हाक मारली तरी मान वर करत न्हवते.

त्या टबाच्या बाजूला धर्माचा अंगठा उमटला होता. डिंक असा जालीम की प्लास्टिकच विरघळवतो. ओल्या डिंकाचं बोट लागलं अन् अंगठ्याची रेघ न् रेघ कायमची बसली. त्या दिवशी पोरगं नीट जेवलं न्हाई.

सत्त्याण्णव साली त्याला कावीळ झाली. लई धावपळ केली, पण पोरगं हातचं गेलं. आम्ही लग्नाचं बघून राह्यलो होतो.

फोटोला हार घालून भिंतीवर लावला, पण माझी बायको कौसल्या त्या फोटोकडं बघायची न्हाई. सकाळी मोटारी पुसायची अन् टब हातात घेऊन, त्या ठशावर आपला अंगठा ठेवून बसायची. एकदा मी खेकसलो, "काय करून राह्यली?" म्हणली, "त्याचा हात धरून राह्यले." ती पाण्याला गेली की मीबी अंगठा ठेवायचो. खोटं कशाला बोलू?

एक दिवस पुसता पुसता टबाचं चाक निखळलं. पंक्चरचं सोल्युशन लावायची माझी हिंमत झाली न्हाई. कौसल्या म्हणली, बद्रीला द्या, त्याला बराबर जमतं. बद्री घेऊन गेला. जाताना म्हणला, "वर्षश्राद्धाला आणून देतो, काकू."

त्या दिवशी तो आला तवा पानं वाढून तयार होती. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली गाडी काढून त्यानं कौसल्याच्या हातात दिली. चाक बिलकुल हलत न्हवतं. टब पांढराशुभ्र. घासून घासून, वरून नवा रंग मारलेला. ठसा न्हवता.

"काकू, कशी झाली?"

माझं डोकं सणकलं. "आरं ए..." एवढंच तोंडातून निघालं, अन् कौसल्यानं माझं मनगट धरलं, करकचून.

"लई छान झाली रे," ती म्हणली. "बस जेवायला."

बद्री पानावर बसला, पण घास उचलेना. "काका, एक सांगायचं राह्यलं," म्हणला. "धर्मा दवाखान्यात असताना मला म्हणला होता, 'बद्री, तेवढा टबावरला डाग काढ. लोकं बघतील अन् म्हणतील, ह्याच्या हाताला वळण न्हवतं.' माझा हात धजत न्हवता. आपल्याकून त्याची गाडी बिघडायची, म्हणून वर्ष गेलं. आता चाकाच्या निमित्तानं केलं एकदाचं." अन् तो भरल्या पानावर रडाया लागला.

"बराबर केलं तू," कौसल्या म्हणली. तिनं त्याच्या पानात खीर वाढली अन् तो दोन घास खाईपर्यंत समोरून उठली न्हाई.

तो गेल्यावर मी म्हणलो, "जाऊ दे. पोराचीच इच्छा होती."

"बद्रीला कधी कळू देऊ नका," ती म्हणली. तिनं गाडी मांडीवर घेतली अन् टबाच्या बाजूवर अंगठा फिरवत राह्यली. कुठंच काही लागंना.

"त्याला नको होता हो तो डाग," ती म्हणली, अन् मंग तिला हुंदका आवरेना. "पण मला पायजे होता ना!"