मांगरातली मंडळी

विनीत साळवी हे आमच्या भागातल्या चार लहान ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक. एका मंडळीत पंधरा माणसं, दुसरीत वीस, आणि गावं एकमेकांपासून लांब. मोटरसायकलवरून ते सगळीकडे जातात. जानेवारीत त्यांचा मला फोन आला.

"जान्हवीताई, स्कॉटलंडहून एक पाहुण्या येतायत, आमच्या मंडळ्यांना भेटायला. तीन दिवस दुभाषी म्हणून याल का?"

मी कुडाळला हायस्कुलात इंग्रजी शिकवते. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, तेवढीच ओळख. मी हो म्हटलं. आईला ते फारसं रुचलं नाही.

"आपण देवळात जाणारी माणसां. तू थंय जावन काय करतलंस?"

"त्येंचा बोलणा मराठीत सांगतलंय," मी म्हटलं. "आणखी काय?"

पाहुण्यांचं नाव मोराग. वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका. उत्तरेकडच्या एका बेटावर मच्छीमारांच्या गावात जन्मल्या आणि तिथेच राहिल्या. त्यांच्या धर्मसंस्थेने त्यांना इथल्या मंडळ्यांना भेटून धीर द्यायला पाठवलं होतं. पर्समध्ये टाईप केलेलं दहा मिनिटांचं भाषण होतं. विषय, विश्वासात टिकून राहणं.

शुक्रवारी वैभववाडीजवळच्या एका वाडीत ते भाषण झालं, शनिवारी पिंगुळीच्या बाजूला एका घराच्या पडवीत. दोन्हीकडे लोकांनी मन लावून ऐकलं, गीतं म्हटली, आम्हाला घावणे आणि उसळ खाऊ घातली. मोरागबाई सगळ्यांशी गोड वागत. पण भाषण संपलं की गाडीत डोळे मिटून बसत. मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल.

रविवारी सकाळी आम्ही तोंडवलीला गेलो. सुरूच्या झाडांमागे चिऱ्यांची एक खोली, वर पत्रे, दारावर पांढऱ्या रंगाने काढलेला क्रूस. आत चटया अंथरलेल्या होत्या आणि अकरा माणसं बसली होती. स्वागताला पुढे आल्या त्या सत्यवतीकाकी. आठवडाभर मालवणच्या बाजारात मासे विकणारी, सत्तरीला टेकलेली बाई. त्यांनी मोरागबाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

उपासनेच्या सुरुवातीला विनीत म्हणाले, "काकी, वादळाचं सांगा पाहुण्यांना."

काकींनी बसूनच सांगितलं. चक्रीवादळात या खोलीचे पत्रे उडाले, एक भिंत पडली. शेजारच्या दाजींनी आपला मांगर, म्हणजे जाळी आणि वल्ही ठेवायची शेड, मोकळा करून दिला. दाजी काही ख्रिस्ती नव्हेत. त्यांच्या घरात गणपती येतो, दारात तुळस आहे. पण ही खोली पुन्हा उभी राहीपर्यंत, दोन वर्षं, दर रविवारी सकाळी ते आपली जाळी बाहेर काढून ठेवायचे आणि उपासना झाली की परत आत न्यायचे.

"कधी कधी आमी तिगाच असूंव," काकी म्हणाल्या. "माश्याचो वास येय. पण एक आयतवार चुकलो नाय."

मी हे इंग्रजीत सांगितलं. मोरागबाईंनी पर्समधून काढलेला कागद परत घडी करून आत ठेवला. उभ्या राहिल्या आणि कागदाशिवाय बोलू लागल्या.

"मी तुम्हाला टिकून राहायला शिकवायला आले," त्या म्हणाल्या. "पण आम्ही टिकलो नाही. आमच्या गावचं चर्च दीडशे वर्षांचं होतं. माझ्या आईवडिलांचं लग्न तिथे झालं. गेल्या वर्षी ते बंद करायचं ठरलं, तेव्हा सभेत हात वर करणाऱ्यांत मी होते. मी थकले होते. शेवटच्या दिवशी दाराला कुलूपही मीच लावलं."

त्या थांबल्या. आता मी बोलायचं होतं. समोरची अकरा माणसं माझ्याकडे बघत होती. इतक्या दुरून धीर द्यायला आलेल्या बाईचं हे बोलणं जसंच्या तसं सांगणं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, "त्यांच्या गावचं चर्च गेल्या वर्षी बंद पडलं. त्यांना त्याचं वाईट वाटतं."

मोरागबाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मराठीचा एक शब्द त्यांना येत नव्हता.

"फार थोडक्यात झालं," त्या हळू म्हणाल्या. "सगळं सांग, बाळ. हात वर केला तेही सांग."

मग मी सगळं सांगितलं. हात, कुलूप, थकणं.

मोरागबाई मान खाली घालून उभ्या होत्या. मग सत्यवतीकाकींनी मला विचारलं, "तिका इचार गो, तेंची माणसां किती होती?"

"चौदा," मोरागबाई म्हणाल्या.

"आणि आता ती चवदा जणां खंय आसत?"

हा प्रश्न मी इंग्रजीत सांगितला. आपापल्या घरी, मोरागबाई म्हणाल्या. काहीजण मोटारीने लांबच्या शहरातल्या चर्चला जातात. बाकीचे जात नाहीत. दुकानात भेटले की हवापाण्याच्या गोष्टी करतात.

"मगे माणसां आसत मां," काकी म्हणाल्या. "थंय कोणाकडे मांगर नाय?"

मी भाषांतर केलं. मोरागबाई आधी हसल्या आणि मग रडायला लागल्या. काकी गुडघ्यावर हात टेकून उठल्या, त्यांच्याजवळ गेल्या आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मागोमाग बाकीची माणसंही उठली. प्रार्थना मालवणीत सुरू झाली. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर विनीतनी मला हातानेच थांबवलं. त्याची गरज नव्हती. मी दाराजवळ उभी राहिले. आमच्या घरी देवासमोर आपण मागतो ते आपल्या माणसांसाठी. काल ओळख नसलेल्या बाईसाठी माणसं इतकं कळवळून मागतात, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

नंतर जेवायला सगळे दाजींच्या अंगणात बसलो. बांगड्याचं तिखलं आणि भात होता. मोरागबाईंनी दाजींचा मांगर आत जाऊन पाहिला. किती रुंद, माणसं कशी बसायची, खिडकी कुठे, सगळं विचारलं. दाजींना त्यात एवढं बघण्यासारखं काय आहे ते कळेना, पण त्यांनी एकेक करून दाखवलं.

मार्चमध्ये विनीतचा फोन आला. मोरागबाईंची ईमेल आली होती. भावाच्या होड्या ठेवायच्या शेडमध्ये त्यांनी रविवारी जमायला सुरुवात केली होती. पहिल्या आठवड्यात चारजण आले, आता सात येत होते. थंडी फार, म्हणून सगळे कोट घालूनच बसतात. तोंडवलीच्या मंडळीने आपल्यासाठी प्रार्थना करावी, अशी त्यांनी विनंती केली होती.

"काकी म्हणतात, नावं हवीत," विनीत म्हणाले. "नावाशिवाय प्रार्थना कशी करायची? मोरागबाईंनी ती कळवलीत, तुम्ही मराठीत लिहून द्याल?"

मी लिहून पाठवण्याऐवजी पुढच्या रविवारी स्वतःच गेले. या वेळी आईने काही विचारलं नाही, उलट काकींसाठी कोकमाच्या सोलांची पिशवी दिली. सातही नावं मी मोठ्या अक्षरांत लिहिली होती. पण काकींना वाचता येत नाही, म्हणून मी एकेक सांगत गेले आणि त्या माझ्यामागून म्हणत गेल्या. हॅमिशचा हमीश झाला, फियोना लगेच जमली. एलस्पेथ काही केल्या जमेना.

"ह्यां बाय कठीण आसा," काकी म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.