साडेपाच इंच

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी परवाना निरीक्षकाने स्वतःच्याच खोलीचं दार ठोठावलं. किल्ली त्याच्या खिशात होती. पण पाहणीच्या वेळी दार घरमालकाने उघडायचं असतं, असा नियम होता.

दार घरमालकीण काकूंनी उघडलं. गेली चार वर्षं त्या त्याला अरे-तुरे करत आल्या होत्या.

"या साहेब. बसा."

"काकू, मीच आहे."

"दिसतंय मला. पण कागद घेऊन आलात ना? मग बसा."

बसायला त्याचाच पलंग होता. तो उभाच राहिला. भाड्याच्या खोल्या तपासणारे नगरपालिकेत दोघेच, आणि दुसरा पाय मोडून घरी पडला होता. 'मी तिथेच राहतो, मला नका पाठवू,' असं त्याने वरिष्ठांना परोपरीने सांगून पाहिलं. "उलट बरंच की," वरिष्ठ म्हणाले, "पत्ता शोधत फिरायला नको."

त्याने तक्ता उघडला. खिडकी उघडते. तारा झाकलेल्या आहेत. राहणारे : एक.

"भाडेकरूची काही तक्रार?"

"मला काय विचारता? त्यालाच विचारा."

थोडा विचार करून निरीक्षकाने लिहिलं, 'नळ ठिबकतो.'

मग उंची आली. ही खोली काकूंच्या यजमानांनी स्वतः गवंडीकाम करून गच्चीवर चढवली होती. दिव्याखालून जाताना निरीक्षकाची मान आपोआप वाकायची. चार वर्षांत त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. नियमाने आठ फूट हवी होती. त्याने टेप लावला. सात फूट साडेसहा इंच.

त्याने दाराशी मोजलं. तेवढीच. खिडकीशी मोजलं. शेवटी स्टूल सरकवून, जिथे छताचा पोपडा पडला होता, तिथे टेप नेला.

"खड्ड्यात नका धरू, साहेब," खालचं टोक धरून बसलेल्या काकू म्हणाल्या. "लोकांच्या घरी असं चालवून घेता का?"

तो स्टुलावरून उतरला. साडेपाच इंचांसाठी त्याने गेल्याच महिन्यात एका शिक्षिकेची खोली बंद केली होती आणि ती गोष्ट काकूंना जेवताना रंगवून सांगितली होती. काकूंनी तेव्हा त्याला आणखी वाढलं होतं. परवान्याचा अर्ज त्यांनी दुसऱ्याच दिवशी दिला.

चाळिशी उलटलेल्या एकट्या माणसाला दुसरी खोली कोण देणार, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी त्याने लिहिलं, 'अपात्र.'

"किती दिवसांत रिकामी करायची असते?" काकूंनी विचारलं.

"तीस."

"बरं." त्यांनी पलंगावरची चादर नीट केली, उगाचच. "भाचा येतोय माझा, बायकोला घेऊन. नातेवाइकांना परवाना लागत नाही ना?"

"नाही लागत."

"तूच म्हणाला होतास एकदा."

निरीक्षकाने टेप गुंडाळायला घेतला. तो मध्येच अडकला. त्याने पुन्हा सगळा ओढून काढला आणि पुन्हा गुंडाळला.

"काकू, नुसतं सांगितलं असतंत तरी गेलो असतो."

"चार वेळा तोंड उघडलं रे. तू प्रत्येक वेळी म्हणायचास, काकू, तुमच्यासारखं घर नाही. मग कसं सांगायचं?" त्यांनी पदराने स्टूल पुसलं. "जेवायला येशील ना?"

नोटिशीची एक प्रत त्याने काकूंना दिली. दुसरी भाडेकरूची, ती स्वतःच घेऊन पोच म्हणून सही केली. भाडेकरूला हरकत असेल तर त्याने त्याच दिवशी कार्यालयात लेखी द्यावी आणि ती निरीक्षकाने ऐकून घ्यावी, असं तळाशी छापलेलं होतं.

कार्यालय साडेपाचला बंद होतं. पावणेसहापर्यंत भाडेकरूची हरकत आलेली नव्हती. निरीक्षक तिची वाट पाहत टेबलाशी बसून होता.