मळका स्पंज

गप्पी मासा वर आला की त्याचं तोंड पाण्याच्या पृष्ठभागाला खालून टेकतं आणि तिथे टिकलीएवढं एक वर्तुळ उमटतं. मासा ठणठणीत असेल तर तो लगेच खाली जातो आणि वर्तुळ पसरून विरतं. त्या सकाळी माझ्या टाकीतली वर्तुळं विरत नव्हती. एक मावळायच्या आत शेजारी दुसरं उमटत होतं. सगळे मासे शेपट्या खाली आणि तोंडं वर करून काठाशी तिरके उभे होते. त्यांचे कल्ले भराभर उघडमीट करत होते.

पाणी मात्र स्वच्छ होतं. मागच्या भिंतीवरचा रंगाचा पोपडासुद्धा टाकीतून आरपार दिसत होता.

ही टाकी घरात आली ती भिंगरीमुळे. भिंगरी म्हणजे माझी धाकटी नणंद. हे नाव तिला कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्याचा अंदाज चुकलेला नाही. ती दातांच्या एका दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते, पेशंटना वेळा देते, कण्हणाऱ्यांना गप्पांत गुंतवते. तिथल्या बाकासमोर माशांची एक जुनी, मोठी टाकी आहे. माझ्या दाढेचं काम निघालं तेव्हा मी तिथे जाऊ लागले आणि काम संपल्यावरही जात राहिले. मी रोगजंतूंची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. तिथून घरी जाताना वाट थोडी वाकडी करावी लागायची, एवढंच.

"वहिनी, तुझ्या दाढेत आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही," भिंगरी एकदा म्हणाली. "डॉक्टरांना वाटायला लागलंय, तू त्यांच्यावर पाळत ठेवायला येतेस."

"मी मासे बघायला येते."

"मग घरी पाळ की. कोपरा तर रिकामाच आहे."

त्या कोपऱ्यात पूर्वी तिच्या दादाचं टेबल होतं.

तिचा दादा, म्हणजे माझा नवरा, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला तेव्हा प्रश्न वर्षभराचा होता. आधी तो दर महिन्याला यायचा. मग जोडून सुट्ट्या आल्या तर यायचा. दर वेळी परत जाताना काहीतरी न्यायचा. आधी गरम कपडे नेले, मग पुस्तकं, आणि शेवटी टेम्पो करून ते टेबल. आमचं भांडण असं कधी झालंच नाही. एखादं झालं असतं तर निदान हे सगळं कुठून सुरू झालं ते दाखवता आलं असतं. आता तो रविवारी सकाळी फोन करायचा. "सगळं ठीक?" विचारायचा. मी "ठीक" म्हणायचे, मग आम्ही हवेबद्दल बोलायचो. त्याच्याकडे उकाडा जास्त असायचा.

आपण वेगळे होऊ या, हे त्याला सांगायचं मी केव्हाच ठरवलं होतं. तो अडवेल अशी भीती नव्हती. बहुधा त्याला हायसंच वाटलं असतं. मला धास्ती होती ती भिंगरीची. आईवडील गेल्यावर या शहरात माझं म्हणावं असं कुणी उरलेलं नाही. स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत येणारी, फ्रीजमध्ये डोकं घालून "तू जेवतेस तरी का गं?" असं विचारणारी ती एकटीच. आणि ती माझी कोण, तर त्याची बहीण. मी त्याची कुणी राहिले नाही, तर ती कुठल्या नात्याने ती किल्ली वापरणार? त्यात तिला अजून आशा होती. "दादा यंदा बदली मागणार आहे बरं का," हे ती दर वर्षी तितक्याच खात्रीने सांगायची, आणि मी मान डोलवायचे. बोलायचं राहून जायचं.

तर, टाकी घेतली. दुकानदाराने मासेही पिशवीत भरायला घेतले होते.

"मासे आज नकोत," मी म्हटलं.

"अहो ताई, टाकी घ्यायची आणि मासे न्यायचे नाहीत? चष्मा घेऊन डोळे मिटून बसण्यातली गत झाली!"

मी वाचून गेले होते. माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया उतरतो, आणि माशांना तो विषच. नदीत, तळ्यात काही जंतू त्याचा बंदोबस्त करतात. नव्या टाकीत ते नसतात. फिल्टरमधल्या स्पंजावर त्यांची वस्ती व्हावी लागते आणि तिला काही आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकायचं. ते कुजतं आणि त्यावर जंतूंचं भागतं.

"रिकाम्या टाकीला खायला घालतेस?" नवऱ्याने फोनवर विचारलं.

"माशांच्या आधी जंतू यावे लागतात."

"लोक कुत्री पाळतात, मांजरं पाळतात. माझी बायको जंतू पाळते."

आम्ही दोघंही हसलो. त्या दिवशी हवेचा विषय निघालाच नाही. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खाद्याची डबी हातात धरून उभी होते. दुपारपर्यंत वाटत राहिलं, की संध्याकाळी तो पुन्हा करेल. केला नाही.

पण टाकीची सोबत व्हायला लागली. घरात आधी फ्रीजचा तेवढा आवाज असायचा, तोही मधूनमधून. आता कामावरून येऊन दार उघडलं की फिल्टरमधून पडणाऱ्या पाण्याचा बारीक आवाज यायचा. आपल्या आधीच कुणीतरी घरी पोचलंय, असं वाटायचं. मी दिवा लावायच्या आधी थोडा वेळ तशीच चपला न काढता उभी राहायचे.

पाण्यात अमोनिया असला की तपासणीच्या थेंबांनी नळीतला नमुना हिरवा होतो. तो हिरवा व्हायचा थांबला, पिवळा राहू लागला, तेव्हा मासे आणायला भिंगरी हटकून आली. तिने दुकानातच त्यांचं बारसं उरकलं. मोठ्या पोटाचे मामेसासरे झाले. सगळ्यांच्या मागे लागणारी काकू झाली. काचेतल्या आपल्या प्रतिबिंबासमोरून न हलणारा एक होता, त्याला डॉक्टर म्हणायचं ठरलं. दुकानदार म्हणाला, "यांचं गोत्रसुद्धा सांगू का?" त्यानंतर रोज संध्याकाळी तिचा फोन यायला लागला. "मामेसासरे जेवले का?"

आणि मग ती सुट्टीची दुपार. फिल्टरमधून पाणी हळू पडतंय असं दिसलं म्हणून मी तो उघडला. स्पंज तपकिरी झाला होता, बोटांना बुळबुळीत लागत होता. माझं अर्धं आयुष्य काचेची भांडी निर्जंतुक करण्यात गेलंय. असलं काही हाताला लागलं की पुढचं हात करतात. मी तो नळाखाली धरला, साबण लावला, वरून उकळतं पाणी ओतलं आणि पांढरा होईपर्यंत पिळला. जागेवर बसवताना मला चक्क समाधान वाटलं. ज्यांच्यासाठी एवढे आठवडे थांबले, ते त्या बुळबुळीतच होते. ही गोष्ट मी दुसऱ्या कुणालाही झोपेत समजावून सांगितली असती.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी ती न विरणारी वर्तुळं दिसली. नळीत थेंब टाकल्याबरोबर पाणी हिरवं झालं आणि काय झालं ते कळलं. खाद्य बंद केलं. रोज कामावर जायच्या आधी बादली भरून पाणी बदलायला लागले. तेवढ्याने मासे तगून होते, पण सुधारत नव्हते. मामेसासरे गेले. त्यांच्या मागोमाग आणखी दोघे गेले. त्यांना मी गॅलरीतल्या कुंडीत पुरलं.

संध्याकाळी भिंगरीचा फोन. "मंडळी कशी आहेत?"

"ठीक."

"मामेसासरे जेवले?"

"जेवले."

रविवारी नवऱ्याचा फोन. "सगळं ठीक?" मी "ठीक" म्हटलं. तो म्हणाला, उकाडा फार आहे. त्या क्षणी मला जाणवलं, की दोघा भावंडांना मी एकच शब्द देतेय. पण तो ऐकून त्याचं भागत होतं. तिचं भागलं नसतं. तिला खरं कळलं असतं तर ती धावत आली असती. मग तिला का सांगितलं नाही? मासे तिने निवडले होते, नावं तिने ठेवली होती, रोजचा फोन त्यांच्यावर चालला होता. मासे मेले तर फोनही थांबेल, असं मला वाटलं होतं. हिशेब पोरकट होता, पण तोच होता.

ती न सांगता आली. किल्लीचा आवाज, मग पर्स टाकल्याचा आवाज, मग शांतता. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा ती टाकीपुढे गुडघ्यांवर बसली होती.

"मामेसासरे कुठायत?"

"गेले."

"कधी?"

"झाले काही दिवस."

"आणि काल जेवले म्हणालीस? कुठे जेवले, वर?" तिला हसू आलं आणि त्याच दमात डोळे भरले. "वहिनी, मासे मेले म्हणून मी तुला काय कच्चं खाणार होते का?"

मी तिला स्पंजाची सगळी हकिगत सांगितली. ती कान देऊन ऐकत होती.

"म्हणजे पाणी साफ करणाऱ्यांनाच तू उकळून काढलंस."

"हो."

"धन्य आहेस! आणि आता?"

"पुन्हा तेवढे आठवडे. हे मासे तेवढे टिकणार नाहीत. एखाद्या चालू टाकीतला मळका स्पंज मिळाला, तर त्याच्याबरोबर जंतूही येतील."

"आमच्या दवाखान्यातला चालेल? तो बहुतेक मी नोकरीला लागायच्या आधीपासून कुणी धुतला नाहीये."

"चालेल. पण असं कसं मागायचं?"

"तोंडाने मागायचं! त्याला काय अर्ज लागतो?" पर्स उचलून ती गेलीसुद्धा.

उजेड असतानाच ती परत आली. हातात तिचा जेवणाचा डबा होता. तो तिने नाक धरून उघडला. आत टाकीच्या पाण्यात बुडवलेला काळपट स्पंज होता, शेवाळ आणि वाळूसकट.

"डॉक्टर म्हणाले, अर्धा कशाला, अख्खा न्या. त्यांनी नवा बसवलाय. असू दे का तो?"

"नाही, अर्धा मळकाच परत लाव. नाहीतर तिकडे हीच गत होईल. उद्या दवाखाना उघडल्या उघडल्या."

"वा. आता मी दवाखान्यात घाण पोचवायची." पण ती कात्री घेऊन आली.

आम्ही स्पंज कापला. अर्धा डब्यात ठेवला, अर्धा माझ्या पांढऱ्याशुभ्र स्पंजाला चिकटवून फिल्टरमध्ये दाबला, आणि दाबताना सुटलेलं सगळं गढूळ पाणी टाकीत सोडलं. मागचा पोपडा दिसेनासा झाला. काकू त्या गढुळातून एकदा आडवी गेली. भिंगरी साडीच्या पदराला हात पुसत माझ्याकडे बघायला लागली.

"एवढीशी गोष्ट. कुणीही मदत केली असती. आणि तू एकटी बादल्या उचलत बसलीस." ती थांबली. "वहिनी, मी विचारते आणि तू ठीक म्हणतेस. आणखी काय काय असं ठीक आहे तुझ्याकडे?"

मी डब्याचं झाकण लावलं. तिने नेहमीसारखं काहीतरी हलकं बोलायला तोंड उघडलं. "दादाचं म्हणत असशील तर तो यंदा नक्की..."

वाक्य तिने पुरं केलं नाही. तीही माझ्याचसारखी स्वतःला न पटलेलं दर वर्षी म्हणत आली होती, हे मला तेव्हा दिसलं. तिच्या हाताला शेवाळाचा वास येत होता, माझ्याही. तिची किल्ली टेबलावर पडली होती. यापुढे ती माझ्या दाराला लागणार नाही, हे मी गृहीत धरलं आणि तिचा हात धरला.

"भिंगरी, मला तुझ्या दादापासून वेगळं व्हायचंय."