वाटेत उतरवलेली चौथी

मी एक जुनी शर्यतीची सायकल आहे, आणि माझ्याबद्दल जे सांगितलं जातंय ते धादांत खोटं आहे. मित्रांनो, आमच्या महाविद्यालयातल्या मुलींच्या संघाची कप्तान सोमवारी क्रीडा सरांसमोर उभी राहून सांगत होती, की परवाची शर्यत आम्ही या खटाऱ्यामुळे हरलो. खटारा म्हणजे मी. गिअर अडकतात म्हणे. चाक घासतं म्हणे. बोलताना तिनं माझ्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही, नुसती हनुवटी उडवली, नको असलेल्या पाहुणीकडे उडवतात तशी. सरांनी मान डोलावली आणि मला भंगाराच्या यादीत घातलं.

भंगारात जायचं मला काही वाटत नाही. लोखंड आहे मी, आज ना उद्या जाणारच. पण दुसरीचं पाप अंगावर घेऊन जाणं मला जमायचं नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते. नीट ऐका, आणि मध्ये बोलू नका.

माझा जन्म एका नवराबायकोच्या छोट्या कारखान्यात झाला. नवरा नळ्या कापायचा आणि पितळ वितळवून जोडायचा. बायको चाकं बांधायची. तिला फूटपट्टीवरचे आकडे वाचता येत नव्हते, पण एकेक स्पोक पिळून ती बोटानं छेडायची आणि कान देऊन ऐकायची. सगळे स्पोक एका सुरात बोलले की चाक सरळ झालं. मग म्हणायची, "जा आता सासरी." तिला मी आई म्हणते. तिनं बांधलेली चाकं अजून तसूभर वाकलेली नाहीत, आणि ही कालची पोर म्हणते चाक घासतं.

सासर म्हणजे मैदानाच्या टोकाची पत्र्याची खोली. मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल, शर्यतीची सायकल म्हणजे केवढा मान. तो मान मला विचारा. एवढ्या मुली माझ्यावर बसल्या, दिसायला एकेक नीटनेटकी, आणि रस्त्यावर आल्या की शेंबूड सरळ बाजूला शिंकरून मोकळ्या. हात हँडलवरून काढायचा नाही ना, वेळ जातो. तो जायचा कुठं? माझं पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर. घाम गळायचा तो दांडीवर, आणि त्या खारानं माझे नटबोल्ट खाल्ले. साखरेचं पाणी सांडून माझं अंग चिकट व्हायचं, त्यावर धूळ, त्या धुळीवर माशा. बाटल्या कुणी धूत नव्हतं, तळाला हिरवं शेवाळ धरायचं. एकीनं तर केळं खाऊन साल माझ्या सीटखालच्या पिशवीत कोंबली आणि विसरली. तीन आठवडे ती साल आणि मी एकत्र नांदलो. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

तरी मी सगळं पोटात घातलं. शर्यत जिंकली की त्याच मुली मला फुलांच्या माळा घालायच्या, सर सीटवर थाप मारायचे, आणि मी विरघळायचे. मग माझ्याहून हलक्या, काळ्या चकचकीत सायकली आल्या. मी नव्या मुलींच्या वाट्याला गेले. पहिल्या वर्षाची मुलगी आली की तिला मी. पुढच्या वर्षी ती चकचकीत सायकलीवर, आणि माझ्यावर दुसरी.

अशीच एक गेल्या वर्षी आली. शिंप्याची मुलगी, अंगानं सुतळीचा तोडा, जीभ मात्र टोकदार. मुली तिला टाचणी म्हणायच्या. तिच्या वडिलांनी कपड्यांचे जाड तुकडे शिवून तिच्या चड्डीला आतून गादी लावून दिली होती. सगळ्या हसल्या होत्या. ती हसली नाही. ती मला रोज पुसायची. मेली कामाला चोख होती, ते नाकारत नाही.

आता आमच्या शर्यतीचा एक नियम सांगते, तो लक्षात ठेवा. संघात चौघी असतात. चौघी एकदम निघतात, एकीच्या मागे एक, वीतभर अंतर ठेवून. पुढची वारा अंगावर घेते, मागच्यांना तेवढा आराम. मग पाळी बदलते. पण संघाची वेळ धरतात ती तिसरीचं चाक रेषेवर आलं की. चौथी आली काय, न आली काय, कागदावर फरक पडत नाही. म्हणून बहुतेक कप्तान चौथीला वाऱ्यात पिळून घेतात आणि शेवटी मागे टाकून पुढे जातात. पूर्वीपासून चालत आलंय. मात्र पहिल्याच दिवशी नव्या मुलीला बसवून सांगायचे, तू चौथी आहेस, तुझं काम हे. निदान तेवढी लाज होती.

टाचणीलाही त्या वर्षी मागे टाकलं. ती एकटीच माझ्यावर रडत, शिव्या देत शेवटपर्यंत आली. आम्ही पोचलो तोवर बाकीच्या तिघींचा फोटो काढून झाला होता. संध्याकाळी मला धुताना तिनं कपाळ माझ्या हँडलला टेकवलं आणि म्हणाली, "मी कप्तान झाले ना, तर शेवटच्या मुलीला सोडून जाणार नाही. आणायची तर चौघींना आणीन." मी तिच्यावर विश्वास ठेवला. इतक्या मुली पाहिल्या, तरी ठेवला.

या वर्षी ती कप्तान झाली. संघात दोघी जुळ्या बहिणी होत्या, आणि चौथी म्हणून बेकरीवाल्याची मुलगी आली. रुंद खांदे, पाव मळून मळून झालेले दंड, आणि बोलणं इतकं हळू की मिशी असती तर मिशीतल्या मिशीत म्हटलं असतं. टाचणीनं पहिल्याच दिवशी तिला गोणी म्हटलं. जिला स्वतःला टाचणी म्हटलेलं खुपायचं, तिनं. मला तेव्हाच उमगायला हवं होतं.

या मुलीचं घरी एक ठरलं होतं. भल्या पहाटे तिला वडिलांबरोबर भट्टीवर उभं राहावं लागायचं, म्हणून सराव बुडायचा. वडील वाईट नव्हते. म्हणाले होते, एक शर्यत मी बघायला येतो. तू संघाबरोबर रेषेवर आलीस, तर पहाटेच्या भट्टीला मी माणूस ठेवतो आणि तू सायकल चालव. नाहीतर हा नाद सोडायचा. तिनं हे टाचणीला सांगितलं होतं, माझ्यासमोर. टाचणी म्हणाली, बघू.

शर्यतीच्या आदल्या दिवशी त्या मुलीनं जुन्या दातांच्या ब्रशनं माझ्या साखळीची एकेक कडी घासली. गिअर असे फिरत होते, जसं लोण्यातून बोट. आता सांगा, अडकतात कुठं?

निघताना टाचणीनं तिला जवळ घेतलं. नियमाबद्दल एक अक्षर नाही. ते सांगितलं की मुली अंग चोरतात, असं ती जुळ्यांना म्हणाली होती. त्या मुलीला एवढंच सांगितलं, की मी उतर म्हटलं की उतरायचं, शेवटी एकटी धापा टाकत आलीस तर बरं दिसत नाही, संघामागची जीप येऊन घेईल.

तीस किलोमीटरची शर्यत. वारा समोरून. तीसपैकी अठरा किलोमीटर वारा माझ्यावर बसलेल्या या मुलीनं अंगावर घेतला. पाळी बदलायची वेळ आली की मागून टाचणी म्हणायची, अजून थोडं. पोर पुढेच राहिली. तिचा श्वास मला सीटमधून कळत होता, मित्रांनो, एकसारखा चालला होता, भट्टीच्या धगीसारखा. मग चोविसाव्या किलोमीटरला छोटा चढ आला. चढाला ती जड, तिनं दहाबारा सेकंद खाल्ले असते. तेवढ्यासाठी टाचणी तिच्या शेजारी आली आणि म्हणाली, "बस, झालं तुझं. उतर."

"मला होतंय, ताई. मी येते ना."

"उतर म्हटलं ना?"

ती उतरली. तिघी चढावरून दिसेनाशा झाल्या, त्यांच्या मागून जीपही न थांबता गेली. मला दगडाला टेकवून ती कडेला बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून, डॉक्टरकडे नंबर लावून बसतात तशी. बाकीचे संघ एकामागून एक आमच्या समोरून गेले. मला इतकी शिसारी आली की त्या क्षणी गंजून पडले असते तर बरं, असं वाटलं.

दहाएक मिनिटांनी तीच जीप उलटी आली. आत जुळ्यांमधली एक, मनगट रुमालात बांधलेलं. पुढच्या वळणावर पडली होती, आणि दवाखाना सुरुवातीच्या जागी होता. आम्हाला पाहून तिनं जीप थांबवली.

"तू इथं बसून काय करतेस? वेळ तिसरीची धरतात. आता तिसरी तूच आहेस."

माझी मुलगी ताडकन उठली. तिचा सगळा हिशोब डोळ्यांदेखत जुळला, ती चौथी कशासाठी होती ते. "मला कुणी सांगितलंच नाही," एवढंच म्हणाली. आणि माझ्यावर बसली.

ते सहा किलोमीटर मी विसरणार नाही. माझ्या आईनं बांधलेली चाकं त्या दिवशी गायली. एवढ्या वर्षांत मला इतकं जोरात कुणी पळवलं नव्हतं. पण गेलेली दहा मिनिटं कुठून आणायची? रेषेवर आलो तेव्हा आमचा संघ सगळ्यांत शेवटचा होता.

टाचणी आणि दुसरी जुळी केव्हाच्या येऊन उभ्या होत्या. शेजारी बेकरीवाले, हाताला सकाळचं पीठ तसंच. टाचणी चारचौघांत म्हणाली, वाटेत बसून राहिली, दम नाही तर यायचं कशाला. वडील पुढे आले.

"तू मध्येच उतरलीस?"

"ताईंनी सांगितलं म्हणून उतरले, बाबा."

"मी कशाला असं सांगेन?" टाचणी म्हणाली. तिच्या पापणीचा केसही हलला नाही.

दुसऱ्या जुळीनं सगळं ऐकलं होतं. ती खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. बांधलेलीच नाडी. पुढच्या वर्षी संघात जागा हवी ना.

वडिलांनी वाद घातला नाही. माझं हँडल मुलीच्या हातातून घेतलं, मला नेऊन भिंतीला नीट टेकवलं, खिशातल्या फडक्यानं सीट पुसली. मग मुलीला म्हणाले, "चल. उद्यापासून भट्टीवर ये." ती त्यानंतर त्या खोलीत आली नाही. आणि सरांनी विचारल्यावर टाचणीला दुसरं कारण लागलं, कारण मुलगी आडदांड आहे, दमली हे कुणी खरं मानेना. मग माझे गिअर अडकले.

मित्रांनो, सायकलीची हौस आहे ना? मग साखळीला तेल घाला, बाटली धुवा, घाम पुसा. हे सगळं कुणीही शिकतं, टाचणीसुद्धा शिकली होती. पण चौघी मिळून निघालात तर मागे कोण राहिलंय ते वळून बघा. मी माणसांची पुष्कळ घाण अंगावर घेतली आहे. ती पाण्यानं जाते.

आज टाचणी पाना घेऊन आली आहे. भंगारवाला यायच्या आधी तिला माझी पेडलं काढून घ्यायची आहेत, चांगली आहेत म्हणून. उजवं निघालं. डावं निघत नाही. डाव्याचे आटे उलटे असतात, हे ती पहिल्या वर्षी शिकली होती, आता विसरली आहे. जोर लावते आहे आणि पेडल आणखी घट्ट होतंय. तिला माझं बोलणं ऐकू जायचं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी बोलले, मोठ्यानं बोलले.

"टाचणे, इकडे बघ. तुला मागे टाकलं होतं, पण तुला शेवटपर्यंत येऊ दिलं होतं. तू त्या पोरीला तेवढंही दिलं नाहीस, आणि वर तिच्या बापासमोर तिला खोटं पाडलंस. माझ्यावर शेंबूड शिंकरणाऱ्या पोरींचीसुद्धा मला कधी इतकी किळस आली नाही. बेकरीत जा. पीठ मळणाऱ्या त्या माणसासमोर उभी राहा आणि म्हण, उतर मीच म्हटलं होतं. ते होईस्तोवर माझ्या अंगाला हात लावायची तुझी लायकी नाही."