खुशालरावांची खुर्ची

"ती कोपऱ्यातली खुर्ची पुसून घ्या. आज तिचा मालक येतोय," टीमचा प्रमुख गजेंद्र म्हणाला, आणि नईमनं हातातला चहा टेबलावर ठेवला.

"कोण मालक?"

"तुझे खुशालराव, दुसरं कोण? काल अकोटच्या बाजारात गेलो होतो. नाव विचारत विचारत गाठलंच त्यांना. म्हटलं, नईमचं काम बघायला या. सकाळच्या एसटीनं निघालेत."

अमरावतीतली ही कंपनी लहान, पण अजाइल पद्धतीचा अभिमान भारी. ज्याच्यासाठी प्रोग्राम लिहायचा तो माणूस लिहिणाऱ्यांच्या शेजारी बसलेला हवा, हे त्यांचं पहिलं व्रत. आता प्रोग्राम होता कापूस विकणाऱ्यांसाठी. मोबाइलवर नंबर लावायचा, पाळी आली की खरेदी केंद्रावर गाडी न्यायची, रांगेत ताटकळणं नको. पण शेतकरी वावर सोडून अमरावतीत येऊन बसणार कसा? तेव्हा नईमच म्हणाला होता, "मी अकोटचा. आमच्या ओळखीचे खुशालराव आहेत, रोज संध्याकाळी फोन करून विचारत जाईन." झालं. एका रिकाम्या खुर्चीवर खुशालरावांचं नाव चिकटलं. रोज सकाळी सगळे उभ्याउभ्यानं कालचं काम, आजचं काम, कुठं अडलं ते सांगत, आणि शेवटी गजेंद्र विचारी, "खुशालराव काय म्हणतात?" नईम सांगे.

त्यातला एक शब्दही खुशालरावांचा नव्हता. नईमनं त्यांना कधी फोनच केला नव्हता.

लबाडी करायची म्हणून केली, असं नव्हे. नईमचे अब्बा, वली पिंजारी, खुशालरावांच्या कापसाच्या गाद्या भरत. खुशालरावांच्या बायकोनं, वच्छलाकाकूनं, नईमला घरच्या पोरासारखं जेवू घातलं होतं. त्याच काकू गेल्या वर्षी वारल्या तेव्हा इथं प्रोग्राम ग्राहकाच्या हाती द्यायचा आठवडा होता, आणि नईम गेला नाही. पुढच्या रविवारी जाऊ, निदान फोन करू, असं करता करता जायचं राहून गेलं. मग आता कुठल्या तोंडानं विचारायचं, काकाजी, पाळी आली की किती वेळात पोचाल? पहिल्या दिवशी त्यानं मनानंच उत्तर दिलं. ते सगळ्यांना आवडलं, आणि तिथंच घात झाला. टेस्टिंग करणारी शाहीन तर काकूंचीही चौकशी करू लागली. 'बऱ्या आहेत' म्हणताना पहिल्यांदा नईमची जीभ अडखळली. पुढं ते अडखळणंही राहिलं नाही.

खुशालराव आले. त्या साली बोंडअळीनं कपाशीची पराटी खाऊन टाकली होती, तरी हातातल्या पिशवीत सगळ्यांसाठी संत्री होती. नईमला पाहून त्यांचा चेहरा फुलला. "काय बापा, केवढा झाला तू," म्हणत त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आता सांगून टाकावं, आत्ताच, असं त्याला वाटलं. त्याच्या तोंडून "बसा" एवढंच आलं.

गजेंद्रनं भिंतीवरच्या पडद्यावर प्रोग्राम दाखवला. "सोमवारपासून अकोटला हेच सुरू होणार. पाळी आल्यावर अर्ध्या तासात 'आलो' असं दाबलं नाही, तर नंबर रद्द. ही कल्पना तुमचीच, काकाजी. तुम्ही नईमला फोनवर सांगितलीत ती."

खुशालरावांनी खुर्चीच्या पाठीवर चिकटवलेलं आपलं नाव पाहिलं. मग नईमकडे पाहिलं. नईमची नजर फरशीवर होती.

"हो, म्याच सांगतलं," खुशालराव म्हणाले. "पन माहं चुकलं. आमच्या घरी एकच फोन हाय, थो आचल कॉलेजात घेऊन जाते, माही नात. फोन तिकडं, कापूस इकडं. मंग म्या काय दाबन? सोमवारच्या आंधी थे काढून टाका."

गजेंद्रनं लगेच तसं कामाचं कार्ड लिहून भिंतीला लावलं. सगळे खूश झाले. शाहीननं संत्र्याची फोड घेत विचारलं, "आणि वच्छलाकाकू कशा आहेत? त्यांनाही आणायचं होतं."

संत्रं सोलणारे खुशालरावांचे हात थांबले. नईमला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हाय," खुशालराव म्हणाले. "बरी हाय."

संध्याकाळी नईम त्यांना एसटी स्टँडवर पोचवायला गेला. अकोटची गाडी लागलेली होती. खुशालराव खिडकीशी बसले, नईम खाली उभा राहिला. ऑफिसात कधी तोंडात न येणारी घरची बोली त्याच्या तोंडी आली.

"काकाजी, मले लाज वाटून राहिली. काकू गेल्या तवा म्या आलो नाई. अन् इथं..."

"काय सांगे तू तिचं?"

"काई नाई. मी म्हने, काकूनं आज भरीत केलं. तुमाले संग जेवाले बसवते म्हने."

खुशालरावांनी रिकामी पिशवी घडी घालून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आमच्या घरी आता कोनी नाव नाई काढत तिचं. मी रडतो म्हून."

नईमला वर बघवेना. त्यापेक्षा त्यांनी चारचौघांत कानाखाली मारली असती तर बरं होतं, असं त्याला वाटलं. कंडक्टरनं घंटी दिली.

"माहा नंबर हाय का तुह्यापाशी?" खुशालरावांनी विचारलं.

नईमनं मान हलवली. नव्हता.

खुशालराव एकेक आकडा सावकाश सांगत गेले. गाडी सुटली तसा नईम खिडकीबरोबर चालत राहिला, आकडे दाबत. शेवटचा आकडा त्यांनी दोनदा सांगितला, चुकू नये म्हणून.

"संध्याकाळी लावजो," ते म्हणाले. "आचल घरी आल्यावर."