साहेबांच्या हातची गोळी

पुढारी विठ्ठलरावांच्या वाढदिवसाला आमच्या गावात दरवर्षी आरोग्य शिबिर भरतं. हार, डीजे, आणि आजाऱ्यांना खुर्चीत बसवून काढलेले फोटो. मला त्या मंडपाची शिसारी येते.

माझे वडील धुळाजी, आमचे बापू, मेंढरं राखतात. त्यांच्या काळजाचे ठोके चुकतात. काळजात रक्ताची गाठ होऊन ती मेंदूत जाऊ नये म्हणून परळीच्या डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी एक गोळी कायमची लावून दिली होती. "ॲस्पिरिनवर भागणार नाही. मला विचारल्याशिवाय ही सोडायची नाही," असं त्यांनी बजावलं होतं.

यंदा लोकर कातरताना बापूंचा अंगठा कापला आणि रक्त लवकर थांबेना. हळद दाबली, चिंधी बांधली, तेव्हा कुठे थांबलं. पण माझा भाऊ बजरंग घाबरला तो घाबरलाच. डॉक्टरांना फोन करायचा सोडून तो बापूंना घेऊन शिबिरात गेला. तिथं विठ्ठलरावांनी ढिगातून ॲस्पिरिनची पाकिटं उचलून बापूंच्या हातावर ठेवली आणि कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "धुळाजी, ती गोळी बंद करा. हीबी रक्तच पातळ करती." शिबिराचा डॉक्टर शेजारीच उभा होता. तो मेला नुसता हसला.

घरी मी जीव तोडून सांगितलं, "बापू, डॉक्टरची गोळी सोडू नका."

"साहेबानं सवताच्या हातानं दिली, मोहिने. त्येंच्याच रानात मेंढरं बसवतो आपन. न्हाई कसं म्हनू?"

बापूंनी डॉक्टरची गोळी सोडली. महिनाही गेला नाही. बापूंचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. एका हाळीत अख्खा कळप वळवणारा माणूस आता पाणी मागू शकत नाही.

काल विठ्ठलराव चाकाची खुर्ची घेऊन आले. सोबत फोटोवाला होताच. बापूंचा लुळा हात उचलून त्यांनी आपल्या हातात धरला आणि हसले. तेवढ्यात बापूंनी सगळा जीव एकवटून त्यांच्यावर थुंकायला बघितलं. थुंकी बापूंच्याच हनुवटीवर ओघळली.

बजरंग लगबगीनं म्हणाला, "साहेब, त्येंला काई कळत न्हाई आता."

"समदं कळतंय त्येंला," मी म्हणाले.

पदरानं मी बापूंची हनुवटी पुसली. मग त्यांच्या वतीनं मी थुंकले. माझी पोचली.