मधलं शांत पाणी

निघायच्या आधीच्या आठवड्यात भाविका रोज कळंगुटच्या हॉटेलात फोन लावायची. "मे संपत आलाय. समुद्र कसा आहे? मुलीला पाण्यात नेता येईल ना?" आणि पलीकडचा माणूस रोज तेच सांगायचा, "एकदम फर्स्टक्लास, मॅडम. बिनधास्त या."

तिचा काही विश्वास बसेना. पावसाच्या तोंडावर दर्या खवळतो, दिवाळीत जाऊ, असं तिने नवऱ्याला परोपरीने सांगून पाहिलं. पण मितेशने धामणकर नाक्यावर मित्रांना आधीच छाती फुगवून सांगून टाकलं होतं, की लाटेवर उभा राहिलेला फोटो आणून दाखवतो. ठाण्याहून त्याने एक निळी, थर्माकोलसारखी हलकी फळीही आणली होती. ती काही गाडीत मावेना. शेवटी सासऱ्यांच्या मांडीवर आडवी टाकली आणि मंडळी ठाण्याजवळच्या कशेळीहून निघाली, ती थेट पुलावरच्या ट्रेलरांच्या रांगेत जाऊन अडकली. खाडीचा वास आला तसे सासरे, पंढरी, काच वर करून बसले. सात वर्षांच्या पूर्वीने तेवढ्यात फळीला दातांनी कुरतडून भोक पाडलं. त्यावरून बापलेकीचं जे जुंपलं, ते पनवेलपर्यंत.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर पाऊल टाकलं तर समोर लाल बावटा.

"बिनधास्त म्हणे," भाविका दात चावून म्हणाली.

लाटा लांबून रांगेने येत नव्हत्या, काठाशी येऊन धाडकन आपटत होत्या. शिट्टीवाला जीवरक्षक जवळ आला. "फळी नको, भाऊ. ये लहर खडे रहने का नहीं, फेकने का है. नोव्हेंबरके बाद आनेका." मग त्याने हात लांब करून दाखवलं. दोन्हीकडे पांढरा फेस उसळत होता, पण मध्ये एक गुळगुळीत, काळसर पट्टा होता. "वो शांत दिखता है ना, वोही खींचता है. उधर बिल्कुल नहीं. नहाना है तो वो लाल-पिवळ्या झेंड्यांच्या बीचमें, कमरेपर्यंत."

"मना पानी नको शिकवू," पंढरी गुरगुरले. "खाडीत जनम गेला माजा."

"बाबा, ही खाडी नाही, समुद्र आहे," भाविका म्हणाली.

"पानी त्ये पानीच."

भाविका पूर्वीला घेऊन झेंड्यांकडे वळली. चार पावलं गेली नाही तोच पोरगी मागे बघून ओरडली, "आई, पप्पा बघ!"

मितेश फळी पोटाखाली घेऊन नेमका त्या काळसर पट्ट्यात उतरला होता. तिथेच लाट फुटत नव्हती ना, म्हणून. "अहो, बाहेर या!" भाविकाने घसा फाडला. त्याने हात हलवला, मोठ्या ऐटीत. बघता बघता त्याचं डोकं लहान झालं. मग तो काठाकडे तोंड करून जोराजोराने हात मारू लागला आणि जितका मारी तितका मागेच जाई.

पंढरींनी सदरा काढून वाळूत फेकला. भाविकाने धावत जाऊन त्यांच्या कमरेलाच मिठी मारली. सुनेने सासऱ्याला असं धरावं, हे कशेळीत कुणी पाहिलं असतं तर! पण त्या घडीला तिला कशाचं भान नव्हतं.

"सोड! माजा पोर हाय तो!"

"तुम्ही गेलात तर दोघांना काढावं लागेल! तो बघा, शिट्टीवाला गेला आत!"

जीवरक्षक तरंगणारं लाल नळकांडं ओढत आत शिरला होता. मितेशला गाठल्यावर सरळ काठाकडे न येता तो त्याला बाजूला, आडवा ओढत नेऊ लागला. फेसाच्या पट्ट्यात शिरताच लाटांनीच दोघांना ढकलत वाळूवर आणून टाकलं. मितेश पालथा पडून खोकत राहिला, पोटभर खारं पाणी ओकला आणि डोळे उघडल्यावर पहिलं काय विचारलं, तर, "फळी कुठे गेली?"

भाविकाने हात उगारला होता. पूर्वी मध्ये आली म्हणून तो खाली आला. भाविका तिथेच वाळूत बसून रडली.

संध्याकाळी पंढरी हॉटेलच्या पायरीवर एकटेच बसले होते. भाविका चहा घेऊन गेली.

"बाबा, मी धरलं म्हणून रागावलात?"

"न्हाय गं." त्यांनी कपाकडे पाहिलं. "किती वरसं पोवलो न्हाय मी. आपली खाडी काळी झाली, त्यात पाय घालवत न्हाय. वाटलं, हितं तरी एकदा अंग पान्यात टाकीन."

आठवडाभर भाविका या सहलीला मितेशच्या फळीचा हट्ट समजून चिडत होती. आणि हा माणूस ती फळी मांडीवर घेऊन गोव्यापर्यंत मुकाट बसून आला होता.

"मग घरी तसं सांगायचं नाही का?" तिचा आवाज नकळत चढला. "या घरात कुणी धड काही सांगेल तर शपथ!"

सकाळी तिने मितेशला खोलीतच ठेवलं आणि सासऱ्यांना घेऊन झेंड्यांमध्ये उतरली. पंढरी कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले, एक लाट अंगावरून जाऊ दिली आणि मग काठाला समांतर असे संथपणे हात मारत निघाले. जुनं अंग पाण्यात हलकं झालं. झेंड्यापाशी पोहोचले की वळायचे, पुन्हा यायचे. जीवरक्षक उभा राहून बघत होता.

धापा टाकत ते तिच्याजवळ येऊन थांबले. "लय धक्के मारतं हे पानी," ते कुरकुरले.

"मग चला बाहेर."

"एक खेप अजून," ते म्हणाले, आणि ती नको म्हणायच्या आत पाण्यावर आडवे झाले.